ज्याच्या हातात बंदूक होती, त्याचीच आठवण का येते?

मॅडम,

माझे यजमान बोटीवर मोटरमन आहेत. दीड वर्षापूर्वी पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला त्यांच्या टँकरवर चाचे चढले आणि सहा जणांना स्पीडबोटीत घालून घेऊन गेले. सात आठवडे खाडीतल्या जंगलात ठेवलं होतं. खंडणी पोचल्यावर सुटले. अंगाने तसे बरे आहेत. पण तिथे पहाऱ्याला एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा होता, तो काही यांच्या डोक्यातून जात नाही. तो यांना ‘पापा’ म्हणायचा. रात्री हातांची दोरी सैल करायचा. ताप भरला तेव्हा कुठून तरी गोळ्या आणून दिल्या. आपली सिगरेट अर्धी यांना द्यायचा. आणि याच पोराने पहिल्या दिवशी कॅप्टनसाहेबांच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारून दोन दात पाडले, हेही हेच सांगतात. सुटताना त्याने दिलेला एक लाल प्लास्टिकचा मग यांनी घरी आणलाय. मी तो एकदा भंगारात दिला, तर भंगारवाल्याला गाठून परत आणला आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मध्ये टीव्हीवर बातमी आली की तिकडे नौदलाने चाचे मारले. हे दोन दिवस जेवले नाहीत. कंपनीचं नाव काढलं की मात्र शिव्या देतात. विमानतळावर कंपनीचा माणूस हार घेऊन आला होता, त्याचा हात झटकला.

माझा दीर पुण्याला असतो. त्याने मोबाइलवर मोठा मजकूर पाठवला, की दादाला स्टॉकहोम सिंड्रोम झालाय, म्हणजे पळवून नेणाऱ्यावरच माया जडलीय. त्यात लिहिलंय की ओलीस धरलेल्या मुलीने पुढे त्याच दरोडेखोराशी लग्न केलं. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, देवळात गाऱ्हाणं घालू. हे वेडे झालेत का? रत्नागिरीला, मनोरुग्णांच्या इस्पितळात न्यावं लागेल का? मुलगा आठवीत आहे, त्याला त्या पोराच्या गोष्टी सांगतात, ते थांबवू का? रात्री झोप नाही, पडवीत दाराशी बसून असतात. पूर्वी घरी आले की रोज खाडीवर गळ टाकायला जायचे. आता होडीचं मशीन वाजलं तरी उठून आत येतात. एजंट म्हणतो, जंगलातल्या दिवसांचा पगार नाही, तेव्हा तुम्ही बोटीवर नव्हता.

आणि एक विचारते, दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटते. सात आठवड्यांत त्या परक्या पोराशी इतकं जमलं, आणि सोळा वर्षांच्या बायकोशी दोन शब्द बोलवत नाहीत. मी काय समजायचं?

– गुहागर तालुक्यातली एक वाचक

ताई,

तुम्ही लाजत विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांचा गुंताही तिथेच आहे.

तुमच्या यजमानांनी त्या पोराला तुमच्यापेक्षा जवळचं मानलेलं नाही. जंगलात त्यांना त्या पोराकडे सतत लक्ष ठेवावं लागलं. तो कधी चिडतो, कधी निवळतो, प्यायलेला आहे का, आज त्याच्या वरच्या माणसाने त्याला झापलंय का, हे ओळखण्यावर त्यांचं पाणी, औषध आणि जीव अवलंबून होता. इतकं बारीक लक्ष आपण घरच्या माणसाकडे कधीच देत नाही. द्यावं लागत नाही, म्हणूनच ते घर असतं.

दुसरी गोष्ट. त्या सात आठवड्यांतलं माणसाला सांगता येण्यासारखं काय आहे, याचा विचार करा. भीती सांगता येत नाही. चार लोकांच्या नजरेसमोर शौचाला बसावं लागणं सांगता येत नाही. रात्री शेजारचा रडतोय आणि आपण झोपेचं सोंग घेतलंय, हे तर मुळीच नाही. सांगता येतो तो हा पोरगा, त्याची अर्धी सिगरेट, त्याचं ‘पापा’ म्हणणं. तुमच्या घरात त्या पोराच्या गोष्टी चालतात, तेव्हा तुमचे यजमान जंगलाबद्दल जेवढं बोलवतं तेवढं बोलत असतात. तुमच्याशी बोलायला बसले तर उरलेलंही बाहेर येईल, याचं त्यांना भय वाटत असावं. बायकोसमोर माणूस फार वेळ अर्धवट बोलू शकत नाही.

आता दिरांच्या मजकुराकडे येते. त्यातली लग्नाची गोष्ट खोटी आहे. असं लग्न झालेलं नाही. खरं काय घडलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या घरातल्या गोष्टीशी जुळणारं पुष्कळ आहे.

२३ ऑगस्ट १९७३ या दिवशी स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या नॉर्माल्मस्टॉर्ग चौकातल्या एका बँकेत यान-एरिक ऊल्सन नावाचा माणूस बंदूक घेऊन शिरला. तुरुंगातून रजेवर सुटलेला आणि परत न गेलेला कैदी. त्याने बँकेतल्या कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, तीस लाख क्रोनर आणि पळायला गाडी मागितली, आणि तुरुंगात ओळख झालेल्या क्लार्क ऊलोफसनला तिथे आणून द्यायला सांगितलं. सरकारने ऊलोफसनला खरोखरच आणून दिलं. मग तीन बायका, एक पुरुष आणि हे दोघे बँकेच्या तिजोरीच्या खोलीत राहिले. हे सगळं २८ ऑगस्टपर्यंत चाललं. मध्येच पोलिसांनी त्या खोलीचं दार बाहेरून बंद करून टाकलं, ओलीस आत असताना. मग छताला भोकं पाडली आणि शेवटी त्यातून अश्रुधूर सोडला.

आत काय चाललं होतं? एका कर्मचारी बाईला बंद खोलीत गुदमरायला व्हायचं. ऊल्सनने तिच्या गळ्याला दोरी बांधली आणि त्या दोरीच्या लांबीइतकं तिला बाहेर फिरू दिलं. किती भला माणूस, असं तेव्हा आपल्याला वाटलं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. तिथल्या पुरुष कर्मचाऱ्याला ऊल्सन म्हणाला की पोलिसांना धाक बसावा म्हणून मी तुझ्या फक्त पायात गोळी घालीन. त्याच्याही मनात आलं ते हेच, की पायावरच भागवतोय, चांगला आहे बिचारा. गोळी शेवटी घातली गेली नाही. क्रिस्टिन एनमार्क ही तेवीस वर्षांची मुलगी थंडीने कुडकुडायला लागली तेव्हा ऊल्सनने तिच्या खांद्यावर आपलं जाकीट टाकलं, आणि आठवण म्हणून बंदुकीतली एक गोळी तिला दिली. तुमच्या घरातला लाल मग मला इथे आठवला.

या क्रिस्टिनने आतून थेट पंतप्रधान ऊलॉफ पाल्मे यांना फोन लावला. मला या दोघांची भीती वाटत नाही, पोलीस आत घुसतील आणि त्यात आम्ही मरू याची वाटते, असं तिचं म्हणणं होतं. आम्हाला यांच्याबरोबर जाऊ द्या, अशी विनंती तिने केली. ती मान्य झाली नाही. सुटकेच्या वेळी ओलिसांनी आधी बाहेर यायला नकार दिला. आपण बाहेर पडलो की पोलीस या दोघांना गोळ्या घालतील, असं त्यांना वाटत होतं. निघताना त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बाहेर जमलेल्या जगाला हे काही कळेना. पोलिसांना सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ नील्स बेयेरोट यांनी मग त्या वागण्याला एक नाव दिलं, आणि तेच पुढे स्टॉकहोमच्या नावाने जगभर गेलं.

मला यातली खटकणारी गोष्ट सांगते. क्रिस्टिनची तक्रार पोलिसांविरुद्ध होती, आणि तिच्या डोक्यात बिघाड झालाय असं ठरवणारा माणूस पोलिसांच्याच बाजूला बसलेला होता. आपल्याशी तो बोललासुद्धा नव्हता, असं तिने पुढे सांगितलं. नंतर ती स्वतः मानसोपचाराच्या क्षेत्रात शिरली आणि म्हणत राहिली, की मला कसलाही आजार झाला नव्हता, जगायचं होतं म्हणून मी तशी वागले. मला तिचं पटतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची आजारांची जी अधिकृत यादी आहे, जिला डीएसएम म्हणतात, तिच्यात ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही नाही. तेव्हा दिरांना कळवा की दादाला हा आजार झालेला नाही, कारण या नावाचा आजार कुठल्याच डॉक्टरच्या यादीत नाही.

मग हे नातं तयार कशाने होतं? फ्रँक ऑकबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात त्याची जी उकल केली, ती मला सगळ्यात समजण्यासारखी वाटते. पहिल्या काही तासांत माणसाची खात्री पटलेली असते की आता आपण मरणार. त्यानंतर त्याला तान्ह्या बाळासारखं करून टाकलं जातं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, खायचं नाही, हलायचं नाही, लघवीलासुद्धा जायचं नाही. अशा अवस्थेत समोरच्याने पाण्याचा घोट दिला, तर तो नुसता घोट राहत नाही. मारू शकणाऱ्याने मारलं नाही आणि वर पाणी दिलं, म्हणजे त्यानेच जीव दिला, असं शरीर समजून चालतं. ही कृतज्ञता विचार करून आलेली नसते, म्हणून नंतर विचार करून ती जातही नाही. ‘अहो, त्यानेच तर तुम्हाला बांधलं होतं’, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलंत तरी काही बदलणार नाही. हे त्यांना माहीत आहे. कॅप्टनचे दात पडल्याचं त्यांनीच तर तुम्हाला सांगितलं.

मारणाराच मधूनमधून माया करतो तेव्हा पीळ जास्त घट्ट बसतो, हे डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या अभ्यासकांनी १९८१ साली मारहाण होणाऱ्या बायकांच्या बाबतीत मांडलं. हे वाचून कुणा बहिणीला आपलंच घर दिसलं असेल, तर तिने १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. एवढंच सांगते, की त्या घरातल्या बाईचं जंगल अजून संपलेलं नसतं. तुमचे यजमान बाहेर आलेत.

आणि ताई, हे नातं एकाच बाजूने वाढत नाही, हेही दिरांच्या मजकुरात नसणार. पेरूची राजधानी लिमा इथे १७ डिसेंबर १९९६ ला तुपाक अमारू संघटनेच्या बंडखोरांनी जपानी राजदूतांच्या निवासस्थानी चाललेल्या समारंभात शिरून शेकडो पाहुण्यांना ओलीस धरलं. पुष्कळांना लवकर सोडलं, पण ७२ जण शेवटपर्यंत आत होते, चार महिन्यांहून जास्त. बंडखोरांतली बरीच पोरं कोवळ्या वयाची, खेड्यापाड्यातून आलेली. त्यांची ओलिसांशी ओळख वाढत गेली. २२ एप्रिल १९९७ ला कमांडो घुसले तेव्हा एका बंडखोराने ओलिसांवर बंदूक रोखली आणि गोळी न झाडताच तो निघून गेला, असं सुटलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. १४ च्या १४ बंडखोर मारले गेले. ओलिसांपैकी एक जण दगावला, दोन कमांडोही गेले.

ओलीस सोडवण्यासाठी वाटाघाटी करणाऱ्या पोलिसांना हे नातं हवंच असतं. ज्याच्या पोरांची नावं माहीत आहेत, त्याच्यावर गोळी चालवणं अवघड जातं, हा त्यांचा अनुभव आहे. तुमच्या यजमानांनी त्या पोराला घरच्या गोष्टी सांगितल्या असतील, मुलगा शाळेत जातो हे सांगितलं असेल, आणि तो त्यांना पापा म्हणायला लागला. हे त्यांनी ठरवून केलं असो की नकळत, ज्याने ते जिवंत तुमच्या घरी आले त्यात याचाही वाटा आहे. ते तिथे खचले असते, हेकेखोरपणा केला असता, तर कदाचित तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतंत. त्या पोराचा चांगुलपणा खोटा होता असं मी म्हणणार नाही. तापाच्या गोळ्या आणून देणं खरं होतं आणि दोरीही खरी होती. दोरी सैल करणारा आणि दोरी बांधून ठेवणाऱ्यांतला एक, असा तो एकच पोरगा होता, आणि तुमच्या यजमानांना तो तसाच आठवतो. अडचण आपल्याला होते, बाहेरच्यांना. आपल्याला त्यातला एकच हवा असतो.

हे आपण आपल्याकडेही पाहिलंय. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान कंदहारला नेलं होतं. अपहरणकर्त्यांपैकी ‘बर्गर’ म्हणवला जाणारा एक जण प्रवाशांशी गप्पा मारायचा, त्यांना अंताक्षरी खेळायला लावायचा. एका प्रवासी बाईचा वाढदिवस विमानातच आला, तर त्याने तिला आपली शाल भेट दिली. याच टोळीने नुकतंच लग्न झालेल्या एका तरुणाला भोसकून मारलं होतं. सुटून आलेले काही प्रवासी बर्गरबद्दल बरं बोलले तेव्हा लोकांनी त्यांना नावं ठेवली. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं होतं. आठ दिवस त्या विमानात बसलेल्यांनी काय वाटून घ्यायचं, हे सोफ्यावर बसून टीव्ही पाहणाऱ्यांनी ठरवायचं नव्हतं.

टीव्हीवरून आठवलं. ते दोन दिवस जेवले नाहीत, ते सुतक होतं असं समजा. तो पोरगा मेलेल्यांत होता की नाही हे त्यांना कधीही कळणार नाही. आणि चाच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं हे सांगायचं तरी कुणाला? पुन्हा अशी बातमी आली तर टीव्ही बंद करा आणि नुसतं विचारा, ‘तो आठवला का?’ एवढं पुरे आहे.

कंपनीवरच्या रागाचं जरा वेगळं आहे. खंडणीच्या बोलण्यात अनेकदा मुद्दाम सावकाश जातात, कारण पहिल्याच मागणीला पटकन हो म्हटलं तर पलीकडचा आकडा वाढवतो. हे बाहेरच्यांना ठाऊक असतं, जंगलातल्या माणसाला कुणी सांगत नाही. त्याला एवढंच दिसतं की आणखी एक दिवस गेला आणि आपल्यासाठी कुणी आलं नाही. वर चाचेही रोज ऐकवत असतात, की तुमच्या मालकाला तुमची पडलेली नाही. तुमच्या यजमानांच्या कंपनीने दिरंगाई केली की खरोखर प्रयत्न केले, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण त्यांचा राग हा मेंदू फिरल्याचा पुरावा म्हणून धरू नका. त्यांना कंपनीकडून हाराऐवजी हिशेब हवा असेल, कोणत्या तारखेला काय बोलणं झालं याचा. तो मागायचा त्यांना हक्क आहे, आणि मागायला तुम्ही मदत करू शकता.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. तुम्ही पत्रात त्या पोरावर आणि त्याच्या मगावर कितीतरी ओळी लिहिल्यात आणि खाडीवर दोनच. मी ते उलट वाचलं. त्यांना ठेवलं होतं ती जागा म्हणजे नायजर नदीच्या मुखाकडचं खाजण असणार, खारफुटी, चिखल, ओहोटीचा वास आणि लांबून येणारा बोटीच्या मशीनचा आवाज. २०२० साली जगभरात जहाजांवरून पळवून नेलेल्या १३५ खलाशांपैकी १३० जणांना याच भागातून, म्हणजे पश्चिम आफ्रिकेलगतच्या गिनीच्या आखातातून नेलं होतं. आणि तुमचं घर आहे खाडीकाठी. तीच कांदळं, तोच वास, मच्छीमारांच्या होड्यांचं तसंच मशीन. तिथे मशीन वाजलं की कोण येतंय, काय होणार, याने पोटात गोळा यायचा. तो आवाज ते इथे रोज पहाटे ऐकतात. दाराशी बसून रात्र काढणं, ऐकलेल्या आवाजाने आत पळणं, आवडता गळ सुटणं, हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, आणि त्याला मात्र डॉक्टरी नाव आहे: पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मागे राहणारा ताण. भारत, फिलिपिन्स आणि युक्रेनमधल्या खलाशांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चाच्यांच्या तावडीत राहिलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांत अशी लक्षणं बऱ्याच काळानंतरही दिसत होती. म्हणजे तुमचे यजमान एकटे नाहीत. आणि दीड वर्षात हे आपोआप गेलेलं नाही, तर आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

यावर चांगले उपचार आहेत. आघात हळूहळू, सुरक्षित जागी, पुन्हा आठवायला शिकवणारी बोलण्याची पद्धत आहे, झोपेसाठी गरज पडली तर औषध आहे. ‘रत्नागिरीला नेणं’ म्हणजे काय, हे आपल्या कोकणात कुणाला सांगायला नको. ती भीती मला समजते. पण कुणी त्यांना तिथे दाखल करत नाहीये. बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस संध्याकाळच्या एसटीने घरी येतो. तेही नको वाटत असेल तर आधी १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आधी तुम्ही एकट्याने बोललात तरी चालतं. खलाशांसाठी आयस्वान ही आंतरराष्ट्रीय संस्था ‘सीफेररहेल्प’ नावाची हेल्पलाइन चोवीस तास चालवते. चाच्यांच्या तावडीतून सुटलेल्यांच्या घरच्यांसोबत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, भारतातही केलंय. हिंदीत बोलता येईल. यजमानांना ‘डॉक्टरकडे चला’ म्हणण्यापेक्षा ‘झोप लागत नाही त्याचं बघू या’ म्हणा. त्या पोराचा विषय डॉक्टरकडे जायचं कारण म्हणून मुळीच काढू नका. तो विषय त्यांना बिघाड वाटत नाही आणि तो बिघाड नाहीही.

सासूबाईंना गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या. मुलगा जिवंत परत आला, त्या बाईला देवापुढे उभं राहावंसं वाटणारच. फक्त ‘बाहेरचं लागलंय’ हे त्यांच्या देखत कुणी बोलू नये.

मुलाला गोष्टी सांगणं थांबवू नका. आठवीतल्या मुलाला एक माणूस चांगलाही वागतो आणि वाईटही, हे कळतं. आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतं. पण गोष्ट अर्धी राहू देऊ नका, नाहीतर त्याच्या मनात तो पोरगा साहसकथेतला नायक होईल. तुम्ही शेजारी बसा आणि मध्येच सहज विचारा, ‘आणि तेव्हा बंदूक कुठे असायची त्याची?’ दात पाडल्याचं मुलाला सांगायचं की नाही ते यजमानांना ठरवू द्या. बंदूक मात्र गोष्टीत राहू द्या.

त्यांच्याबरोबर नेलेले बाकीचे पाच जण कुठे आहेत? त्यांच्यापैकी एखाद्याशी फोनवर बोलणं होत असेल तर ते वाढू द्या. जे तुम्हाला कितीही समजावून घेतलं तरी कळणार नाही, ते त्यांना न सांगता कळतं. कॅप्टनसाहेबांशी बोलताना मात्र जपून. ज्याचे दात गेले त्याच्या मनात त्या पोराची वेगळी आठवण असणार, आणि तीही तितकीच खरी.

तो लाल मग भंगारात टाकला ते चुकलं, एवढं एकदा त्यांना सांगून टाका. तुम्हाला तो समोर नको असेल तर तसंही सांगा. तो त्यांच्या पेटीत राहील, स्वयंपाकघरात यायची गरज नाही. तुमचंही घर आहे.

आणि आता तुमच्याबद्दल, कारण पूर्ण पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि त्याचीही लाज वाटली म्हणालात. तेच सात आठवडे तुम्हीही काढलेत. फोन वाजला की हातातलं टाकून धावणं, कंपनीचा माणूस ‘पेपरवाल्यांशी बोलू नका’ म्हणाला असेल म्हणून गावात तोंड दाबून वावरणं, मुलाला शाळेत पाठवताना चेहरा सरळ ठेवणं. ते सुटून आल्यावर सगळ्यांनी त्यांना विचारलं कसे आहात. तुम्हाला कुणी विचारलं का? मला वाटतं, तुमचं बोलणं सुरू व्हायचं असेल तर ते इथून होईल. त्यांना जंगलाबद्दल विचारू नका. रात्री पडवीत ते बसलेले असतील तेव्हा शेजारी जाऊन बसा आणि तुमचे सात आठवडे सांगा. पहिला फोन कुणाचा आला, तुम्ही तेव्हा काय करत होता, सासूबाईंना कसं सांगितलं. उत्तराची अपेक्षा ठेवू नका. पहिल्या रात्री ते गप्प राहतील, कदाचित उठूनही जातील. पुन्हा बसा. त्यांनी त्या पोराला तुमच्याबद्दल काय काय सांगितलं होतं, हे एखाद्या रात्री तुम्हाला ऐकायला मिळेल असं मला वाटतं.

राहिला पगार. तुमचा एजंट सांगतो ते चूक आहे. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी २००६, तो भारताने २०१५ साली मान्य केला. त्यातली २०१८ ची दुरुस्ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चाच्यांनी धरलेला खलाशी जहाजावर असो की जहाजाबाहेर, त्याचा करार चालूच राहतो, कराराची मुदत मधल्या काळात संपली तरीही. आणि सुटून तो घरी पोचेपर्यंतचा पगार द्यावाच लागतो. ‘जहाजाबाहेर’ हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे जंगलातले दिवस धरूनच. करारपत्राची प्रत, सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची प्रत, पगाराच्या मागच्या स्लिपा आणि एजंटच्या आरपीएसएलचा, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर काढून ठेवा. ‘पगार नाही’ हे एजंटकडून तोंडी घेऊ नका, ईमेलवर लेखी मागा. मग मुंबईच्या डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे तक्रार करा आणि त्याची एक प्रत खलाशांच्या युनियनला, म्हणजे नुसीला, द्या. जहाजावर कोणत्या देशाचा झेंडा होता तेही तक्रारीत लिहा, कारण त्या देशाने करार मान्य केलेला असेल तर दावा आणखी सोपा होतो. एजंटने लेखी काय उत्तर दिलं ते मला याच पत्त्यावर कळवा, पुढचं पत्र कसं लिहायचं ते बघू.